अळीच्या आतड्यावरची वादसभा

परत आल्यापासून पाठशाळेत जो भेटतो तो विचारतो, "शास्त्रीबुवा, जर्मनीत काय काय पाहिलेत?" किल्ले, नद्या, बर्फ, यंत्रे असे काहीतरी ऐकायला मिळेल अशी त्याची अपेक्षा असते. मी सांगतो, "एक वादसभा पाहिली. वादाचा विषय होता अळीचे आतडे." यावर कोणी हसतो, कोणी माझ्या वयाकडे पाहून विषय बदलतो. म्हणून घडले ते क्रमाने लिहून काढावे असे ठरवले, म्हणजे जे तिकडे गेलेले नाहीत त्यांनाही त्या सभेत क्षणभर बसता येईल.

माझ्या मुलीची मुलगी केतकी जर्मनीतील येना या गावी जीवशास्त्रात पीएच.डी. करीत होती. तिकडे नुसता प्रबंध लिहून भागत नाही. परीक्षकांसमोर, भर सभेत उभे राहून तो राखावा लागतो, आणि त्या सभेला घरच्या माणसांनी येऊन बसावे अशी रीत आहे. जायची होती तिची आई. परंतु ऐन वेळी जावईबापूंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया निघाली, आणि घरातले कोणीतरी तिथे असलेच पाहिजे म्हणून शहात्तर वर्षांचा मी निघालो. समुद्र ओलांडण्याविषयी माझ्या गुरुजींचे मत फार कडक होते. मी देवासमोर बसून एवढेच म्हटले की, नात विद्येसाठी गेली आहे आणि मी तिची विद्या पाहायला जातो. यात दोष असेलच तर तो माझ्या एकट्याच्या पदरी घालावा.

येना, वैशाख शुद्ध पंचमी

येना हे चुनखडीच्या उघड्या टेकड्यांमध्ये वसलेले, भिंगे आणि दुर्बिणी घडवण्यासाठी नावाजलेले गाव आहे. पायी चालणाऱ्यांत निम्मे विद्यार्थी. त्या वर्षी फुटबॉलची जागतिक स्पर्धा जर्मनीत व्हायची होती, म्हणून पाववाल्याने पावसुद्धा चेंडूच्या आकाराचे भाजले होते. घराघरांपुढे जांभळ्या फुलांचे घोस लोंबत होते आणि एवढ्या गावात मोठ्याने बोलणारा माणूस मला एकही आढळला नाही.

पोचल्याच्या दुसऱ्याच सकाळी माझ्या हातून एक गंमत घडली. पूजेसाठी केतकीने ट्युलिपची फुले आणून ठेवली होती. पूजा आटोपल्यावर आदल्या दिवशीचे निर्माल्य नदीत सोडावे म्हणून मी उठलो, तर ती म्हणाली की नदीत काही टाकणे इथे फरबोटन आहे, म्हणजे सक्त मनाई. अंगणात निरनिराळ्या रंगांचे कचऱ्याचे डबे होते, त्यांतला तपकिरी डबा पानाफुलांसाठी. मी निर्माल्य घेऊन खाली उतरलो खरा, पण डब्याचे झाकण उघडले तेव्हा आत बटाट्याच्या साली आणि कॉफीचा चोथा दिसला. देवाच्या मस्तकावरची फुले त्यात टाकायला हात धजेना. तसाच उभा असताना तळमजल्यावरच्या फ्राऊ होफमान बाहेर आल्या. माझ्याच वयाच्या, एकट्या राहणाऱ्या बाई. नवा शेजारी सकाळी हाती ट्युलिप घेऊन दारापुढे उभा आहे असे पाहून त्यांनी दोन्ही हात छातीशी नेले, फुले घेतली, फार वेळ जर्मनमध्ये काही बोलल्या आणि आत गेल्या. निर्माल्य हा प्रसादच आहे, तो मागणाऱ्याला नाकारता येत नाही, असे मी मनाशी म्हटले आणि वर आलो. केतकी खिडकीतून सगळे पाहत होती.

"आजोबा, आल्या आल्या शेजारणीला फुलं? आजीला फोन लावू का?"

त्यानंतर रोजचे निर्माल्य फ्राऊ होफमान यांच्या फुलदाणीत जाऊ लागले. त्यांनी उलट रेवाचिनी नावाच्या वनस्पतीच्या आंबट देठांचा केक पाठवला. त्यात अंडे असल्यामुळे मला तो खाता आला नाही. कारण कळल्यावर त्यांनी त्याच देठांचा मुरंबा करून पाठवला. तो पोळीशी उत्तम लागतो.

षष्ठी

केतकीची संस्था गावाबाहेरच्या टेकडीवर आहे. तिथे निनाद नावाचा पुण्याचा मुलगाही पीएच.डी. करतो. त्या दोघांनी मला अळ्यांच्या खोलीत नेले. बाहेर स्वेटर आणि आत कोकणातल्या ज्येष्ठासारखी दमट ऊब. तबकांना बारीक बारीक खण केलेले, प्रत्येक खणात एकच अळी आणि तिच्यापुढे घेवड्याच्या पिठाची घट्ट वडी. एकेकटी का, असे मी विचारले. निनाद म्हणाला, "एकत्र ठेवल्या तर एकमेकींनाच खातात, आजोबा. आमच्या फ्लॅटमध्ये पण तसंच आहे."

मग केतकीने आपला विषय मला समजावला. तो मला जसा कळला तसा सांगतो. तिचे काम ज्या जंतूवर आहे तो मातीत राहतो. बीजरूप घेताना तो आपल्या कुडीत प्रथिनाचा एक स्फटिक घडवतो. पानाबरोबर अळीने तो गिळला तरी स्फटिक म्हणजे अजून विष नव्हे. अळीच्या आतड्यातला रस तीव्र क्षारधर्मी असतो, त्यात स्फटिक विरघळतो. मग अळीचेच पाचकरस त्याला छाटून त्याचा नेमका आकार उघड करतात. हा छाटलेला तुकडा आतड्याच्या अस्तरावर असलेल्या एका विशिष्ट प्रथिनावर जाऊन बसतो. त्या प्रथिनाला ही मंडळी रिसेप्टर म्हणतात. मी माझ्यापुरते ग्राही म्हणू लागलो. बसलेले तुकडे एकत्र येऊन पेशीच्या आवरणाला छिद्र पाडतात. छिद्रातून पाणी आत शिरते, पेशी फुगते आणि फुटते. अळीचे खाणे थांबते आणि ती मरते.

"आणि हेच माझ्या पोटात गेले तर?"

"काही नाही होत. आपलं पोट ॲसिडिक, आणि आपल्याकडे तो रिसेप्टरच नाही. मधमाशीचंही काही बिघडत नाही."

 आमच्या शास्त्रात विधी सर्वांच्या कानी पडतो, पण तो लागू होतो अधिकाऱ्यालाच, म्हणजे ज्याची पात्रता आहे त्यालाच. इथे विषालाही अधिकारी लागत होता, आणि त्या अधिकाऱ्याच्या स्वतःच्या रसांनी संस्कार केल्याखेरीज ते विषही होत नव्हते. सृष्टीकर्त्याने इतकी बारीक योजना अळीच्या आतड्यात करून ठेवावी, आणि ती उलगडणारी मुलगी माझ्या घरची असावी, या विचाराने माझे हात आपोआप जोडले गेले.

जीव मारण्याची विद्या शिकताना मनाला काय वाटते, हेही मी तिला विचारले. ती हसली नाही. म्हणाली की शेतावर फवारलेले सर्वसाधारण विष मित्र आणि शत्रू ओळखत नाही, हे ओळखते; आणि प्रयोगाला लागते त्याहून एकही अळी ती अधिक घेत नाही. बोलता बोलता ती मऊ केसांच्या कुंचल्याने एकेक अळी उचलून दुसऱ्या खणात ठेवत होती, तान्ह्या मुलाला पाळण्यात ठेवावे तशी. माझे पूर्ण समाधान झाले असे लिहिले तर ते खोटे होईल. परंतु त्या कुंचल्याकडे पाहून माझा प्रश्न पुष्कळ मवाळ झाला.

नवमी

येना ज्या प्रांतात आहे त्याचे नाव ट्युरिंगेन, आणि केतकीच्या जंतूच्या शास्त्रीय नावात याच प्रांताचे नाव आहे. फार वर्षांपूर्वी इथल्या एका पीठगिरणीतल्या पतंगाच्या आजारी अळ्यांत तो सापडला, म्हणून. हे कळल्यावर ती गिरणी हे तर क्षेत्रच झाले, तिचे दर्शन घेतले पाहिजे, असे मी म्हटले. केतकीला ती कोणती हे ठाऊक नव्हते. तरीही शनिवारी तिने मला आगगाडीने जवळच्या एका खेड्यात नेले. वाटेत दोन्ही बाजूंना मोहरीसारख्या पिवळ्या फुलांची शेते क्षितिजापर्यंत पसरली होती. गावात ओढ्याकाठी एक जुनी पाणचक्की बंद अवस्थेत उभी होती. मी जोडे काढून नमस्कार केला.

"आजोबा, ही ती गिरणी नाहीये हो."

"नसो. ती जिथे असेल तिथे नमस्कार पोचेल."

दुपारी तिथल्याच खानावळीत बटाट्याचे मोठे वाफवलेले गोळे खाल्ले. त्यांना क्लोसे म्हणतात. अंडे नाही ना, मांसाचा रस्सा नाही ना, अशी चौकशी केतकीने इतक्या वेळा केली की वाढणाऱ्या बाईंनी शेवटी तिला स्वयंपाकघरात नेऊन पातेलेच दाखवले. आपल्याकडे पाहुण्याने असे विचारले तर यजमानाला अपमान वाटतो. त्या बाईंना उलट कौतुक वाटलेले दिसले.

दशमी

सभा दुसऱ्या दिवशी होती. तिकडची एक रीत मला फार आवडली. सभा संपल्यावर परीक्षकांना आणि श्रोत्यांना खाऊ घालायचे ते परीक्षार्थ्यानेच. केतकीने श्रीखंड ठरवले होते. तिथे क्वार्क नावाचा पदार्थ मिळतो, तो थेट चक्काच. दुपारी स्वयंपाकघरात ती चक्का फेटत होती, निनाद वेलदोडे सोलत होता आणि मी केशर खलत होतो.

"आजोबा, तुम्ही पूर्वपक्ष व्हा," ती म्हणाली. "मला सोडायचं नाही."

पूर्वपक्ष म्हणजे आपल्या मतावर येणारा प्रतिवाद. तो मांडणे हा माझा आयुष्यभराचा उद्योग आहे. विषय माझा नसला तरी विचारण्याची पद्धत माझी होती. मी म्हटले, "ग्राही शाबूत आहे तिथे अळी मरते, ग्राही बिघडला तिथे ती जगते, म्हणून विषाचे सगळे कर्तृत्व ग्राहीवर अवलंबून, हे तुझे म्हणणे. ग्राही शाबूत असून अळी जगली, असे एकही उदाहरण नाही ना?"

चमचा थांबला. निनादने वेलदोड्यांतून मान वर केली नाही.

"आहे," केतकी म्हणाली. "एक कुळ आहे."

अळ्यांचे एक कुळ तिने वाढवले होते. त्यात ग्राही धडधाकट, विष त्यावर व्यवस्थित बसते, आणि तरीही अळ्या मरत नाहीत. असे का, हे तिला कळले नव्हते. प्रबंधात एका परिच्छेदात तिने ते नोंदवले होते. सभेतल्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानात ते सांगायचे की नाही, हे तिच्या मार्गदर्शक बाईंनी तिच्यावर सोपवले होते. परीक्षकांत हॅम्बर्गचे एक वृद्ध प्राध्यापक होते, ज्यांचे सारे आयुष्य या ग्राहींच्या अभ्यासात गेले होते. मुख्य सिद्धान्तच डळमळीत आहे असे त्यांनी म्हटले तर प्रबंध परत यायचा, आणि तिच्या व्हिसाची मुदत थोडीच उरली होती. चार वर्षांचे काम अर्धवट टाकून परतण्याची वेळ तिच्यावर आली असती.

मी म्हटले, "मग सभेत नको मांडूस. प्रबंधात लिहिले आहेस, लपवलेले नाही. कोणी विचारले तर सांग."

तिने चमचा खाली ठेवला. आवाज चढवला नाही.

"आजोबा, हे तुम्ही सांगताय? सुट्टीत मला लोखंडाचा गोळा कोणी शिकवला होता?"

न्यायशास्त्राच्या पहिल्या पाठांतले हे उदाहरण आहे. धूर दिसला की अग्नी असणारच, हे अनुमान खरे. पण कोणी उलटे म्हणू लागला की अग्नी आहे तिथे धूर असणारच, तर त्याला तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा दाखवतात. अग्नी आहे, धूर नाही. कारण धुराला नुसता अग्नी पुरत नाही, ओले लाकूड लागते. केतकी आठ-नऊ वर्षांची असताना मी हे तिला गमतीने सांगितले होते. सोबत हेही सांगितले होते की, असा गोळा समोरच्याने पुढे आणण्याआधी आपण आणावा.

"गेनाऊ, अगदी बरोबर, तेच माझं झालंय," ती म्हणाली. "रिसेप्टर म्हणजे अग्नी. ओलं लाकूड कुठलं, ते मला सापडलेलं नाही. पण गोळा तर माझ्या हातात आहे ना?"

निनाद म्हणाला, "आल्झो, तर मग आजोबा, विद्यार्थिनी तुमचीच. आता तक्रार कोणाकडे नेणार?"

मी पुन्हा केशर खलू लागलो. पाठशाळेतल्या कोणत्याही मुलाला जो सल्ला मी दिला नसता, तो मायेपोटी नातीला दिला होता, आणि तिने तो घेतला नव्हता.

एकादशी

सभागृह पायऱ्यापायऱ्यांचे होते. केतकी आईची इरकल नेसली होती. व्याख्यान इंग्रजीत होते. सावकाश बोलले तर मला इंग्रजी कळते, आणि अडल्यास सांगायला निनाद शेजारी बसला होता. सकाळपासून मी काही खाल्ले नाही हे पाहून त्याने विचारले, "तिच्यासाठी उपास?" मी म्हटले, "एकादशीचा. पण आज देव आणि ती, दोघांच्याही नावाने."

ती शांतपणे बोलत गेली. स्फटिक, क्षार, छाटलेला तुकडा, ग्राही, छिद्र, सगळे चित्रांसह. शेवटी क्षणभर थांबून म्हणाली की, आता मी माझ्या सिद्धान्तात न बसणारी एक गोष्ट दाखवते. आणि तिने ते कुळ दाखवले. व्याख्यान संपताच सगळे श्रोते बोटांच्या पेरांनी समोरच्या फळीवर ठकठक करू लागले. तिकडे विद्वत्सभेत टाळ्या वाजवत नाहीत, हे निनादने आधीच सांगून ठेवले होते. मीही ठकठक केली. सगळे थांबल्यावरही माझी चालूच होती, तेव्हा निनादने हलकेच माझा हात धरला.

मग प्रश्न सुरू झाले. हॅम्बर्गचे प्राध्यापक उंच, कृश, कानाला यंत्र लावलेले. त्यांचा आवाज अतिशय सौम्य होता आणि म्हणूनच मला भीती वाटली. ते म्हणाले, "तुमच्या या शेवटच्या अळ्या का मेल्या नाहीत?"

केतकी म्हणाली, "मला माहीत नाही."

आमच्या वादशास्त्रात पराभवाच्या ज्या जागा सांगितल्या आहेत त्यांना निग्रहस्थाने म्हणतात. उत्तर न सुचणे हे त्यांतलेच एक. एवढ्यावर सभा संपते. मी डोळे मिटले आणि जप सुरू केला. निनाद कानाशी म्हणाला, "आजोबा, इथे एवढ्यावर हरत नाहीत."

प्राध्यापकांनी पाठ सोडली नाही. अळ्यांची सरमिसळ झाली असेल. नाही, तिने ते कुळ पुन्हा नव्याने वाढवून तपासले होते, आणि कोणते तबक कोणाचे हे ठाऊक नसलेल्या सहकाऱ्याकडूनही तपासून घेतले होते. विष कमजोर असेल. नाही, त्याच विषाने शेजारच्या तबकातल्या अळ्या मेल्या होत्या. मग याचा अर्थ काय, असे त्यांनी विचारले. तेव्हा माझ्या नातीने त्या जर्मन सभेला तापलेला लोखंडाचा गोळा आणि ओले लाकूड सांगितले. इंग्रजीत, चार वाक्यांत, हातवारे न करता. मी डोळे उघडले.

प्राध्यापक म्हणाले, "तर मग तुमच्या निष्कर्षाचे पहिले वाक्य फार मोठे आहे."

"हो," केतकी म्हणाली. "ग्राही आवश्यक आहे, एवढेच मी सिद्ध केले आहे. तो पुरेसा आहे असे मला म्हणता येणार नाही. ते वाक्य मी लहान करीन."

त्यांनी मान डोलावली आणि आणखी काही विचारले नाही.

परीक्षक आत विचार करायला बसले. आम्ही बाहेर वाट पाहत उभे होतो. केतकीने आपला हात माझ्या हातात दिला.   पुन्हा बोलावणे आले तेव्हा मार्गदर्शक बाईंनी उभे राहून निर्णय वाचला. प्रबंध मान्य, मोठ्या सन्मानासह. छापण्यापूर्वी निष्कर्षाचे पहिले वाक्य बदलावे. निनाद म्हणाला की ही वरून दुसरी श्रेणी. मला विचाराल तर, वाक्य बदलण्याची ती अट पहिल्या श्रेणीहूनही मोठी होती. वाक्य आपल्याला ठाऊक आहे तेवढेच ठेवायचे, हे ज्याला साधले त्याला आमच्याकडे पंडित म्हणतात.

श्रीखंडाची वाटी घेऊन हॅम्बर्गचे प्राध्यापक माझ्याजवळ आले. ते उदाहरण कोणाचे, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, ते या सभेतल्या सर्वांहून जुने आहे आणि आमच्याकडे नवशिक्यांना शिकवतात. त्यांनी पुढे विचारले,

"ओले लाकूड हवे हे तुमच्या लोकांना कसे कळले? अग्नीकडे पाहून की धुराकडे?"

"लोखंडाच्या गोळ्याकडे पाहून," मी म्हटले.

 हातातली वाटी खाली ठेवून त्यांनी केतकीकडे पाहिले, आणि तिच्याजवळ जाऊन त्या कुळाविषयी पुन्हा विचारू लागले. या वेळी परीक्षकासारखे नव्हे.

तेवढ्यात तिच्या सहकाऱ्यांनी पुठ्ठ्याची एक काळी टोपी आणली. नव्या डॉक्टरसाठी अशी टोपी मित्रांनी आपल्या हातांनी करायची, ही तिकडची प्रथा आहे. टोपीवर कापसाची हिरवी अळी होती आणि तिच्या पोटात ग्राहीची खूण म्हणून एक छोटे कुलूप शिवले होते. मार्गदर्शक बाईंनी टोपी केतकीच्या डोक्यावर ठेवली आणि पुन्हा ठकठक झाली. ती माणसांतून वाट काढत माझ्याकडे येऊ लागली, अर्थात नमस्कारासाठी.

आमच्या वाक्यार्थसभेत, म्हणजे शास्त्रचर्चेच्या सभेत, आपला पक्ष राखलेला विद्वान मंडपातून चालत येतो तेव्हा बसलेले सगळे उठतात, आणि तो बसेपर्यंत कोणी बसत नाही. वय पाहत नाहीत, नाते पाहत नाहीत. माझ्या मुलांहून लहान असलेल्यांसाठी मी कितीदा उठलो आहे. आमच्या घरातल्या माणसासाठी उठण्याचा योग मात्र कधी आला नव्हता. मी खुर्चीचे हात धरले आणि उभा राहिलो.

"आजोबा, काय करताय? बसा ना, गुडघा दुखेल."

"आधी तू बस," मी म्हटले.

मी का उभा राहिलो ते तिला कळले असावे. ती समोरच्या खुर्चीवर बसली. कापसाची अळी डोळ्यांवर ओघळली, ती तिने मागे सारली. मग मी बसलो.